शेजारच्या ज्यू काकूंनी नवीन वर्षाचा म्हणून गुलाबी हलवा दिला. माहीम हलव्यासारखा लागला नाही. तो कशाचा असतो? दुधाचा का?

दुधाचाच, पण नारळाच्या. तुम्ही खाल्लात तो चिकाचा, म्हणजे भिजवलेल्या गव्हाच्या सत्त्वाचा हलवा. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. रोश हशाना म्हणजे आमचा ‘नव्याचा सण’, आणि त्याला हा हलवा नाही असं घर मी तरी पाहिलेलं नाही. आमचं कॅलेंडरही चंद्रावर चालतं, त्यामुळे सण कधी गणपतीच्या आगेमागे येतो, कधी घटस्थापनेच्या. २०२४ ला तर घटस्थापना आणि आमचं नवं वर्ष दोन्ही ३ ऑक्टोबरलाच होतं. आमच्या मजल्यावर त्या दिवशी दारोदार ताटं फिरत होती.

नारळाच्या दुधाचं कारण चवीचं नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची आज्ञा. त्यावरून मटण आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही, आणि सणाला मटण तर असतंच. मग गोड काय करायचं? कोकणात नारळ दारातच, प्रश्न मिटला. आमच्या मटणाच्या रश्शातही नारळाचंच दूध पडतं.

आता कृती. आमचं घरचं माप अर्धा किलो गहू, चार नारळ, किलोभर साखर. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो. आमची सून पहिल्या वर्षी ‘खराब झाले’ म्हणून टाकायलाच निघाली होती! मग वाटून, फडक्यातून पिळून ते पाणी रात्रभर ठेवायचं. सकाळी वर पिवळट निवळ, तळाशी पांढराशुभ्र चीक. निवळ हलक्या हाताने ओतून द्यायची. इथे घाई केलीत तर चीकही जातो.

चीक, नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ, गुलाबी रंग, सगळं थंड असतानाच एकत्र करायचं, मग चुलीवर. आणि ढवळायचं. आजी आम्हा पोरांच्या पाळ्या लावायची, हात थांबला की पाठीत धपाटा. दोन-अडीच तासांनी मिश्रण जड होतं, चकाकी येते, पातेल्याची कड सोडतं. आजीची खूण वेगळी होती: थेंबभर ताटलीवर टाकायची, निवल्यावर बोटाला चिकटला नाही की झाला. मग वेलची-जायफळ, तूप न लावता थेट थाळ्यांत ओतायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप, निवला की शंकरपाळ्याच्या आकारात वड्या. तूप इथेही नाहीच, ते दुधातलं.

हल्ली बऱ्याच घरी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात, तासाभरात उरकतं. चायना ग्रासच्या वड्या कापायला देखण्या, पण दाताखाली कचकन तुटतात. चिकाचा हलवा लवचीक हवा. मी त्या भांडणात अजून चिकाच्याच बाजूने आहे, खांदा दुखतो तरी.

बाकी सण म्हणाल तर मशिदीत (आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात) शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात. घरी मधात बुडवून सफरचंद खातात. दहाव्या दिवशी किप्पूरचा कडक उपास, त्याला आमच्याकडे ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घेण्याचा सण, म्हणायचे. आणि आमच्या कॅलेंडरातल्या अव महिन्याच्या नवमीचा उपास आम्ही वालाच्या बिरड्याने सोडतो, म्हणून तो ‘बिरड्याचा रोजा’. नावं ऐकूनच कळतं ना, गाव कुठलं ते!

काकूंची ताटली रिकामी परत करायची नसेल तर घरचं शिजवलेलं नको, खाण्याच्या नियमांमुळे त्यांची पंचाईत होईल. चार डाळिंबं ठेवा. नव्याच्या सणाला ती लागतातच.