सोलापुरात घरापुढे लॉन कधी लावावे?

घरापुढच्या दोनशे चौरस फूट जागेत मेच्या सुट्टीत लॉन लावावे का आणि नळाला रोज पाणी येत नसताना ते टिकेल का, असे आपण विचारले आहे. काळ्या मातीच्या अंगणात मी काही वर्षे हिरवळ राखतो आहे; त्यावरून सांगतो की लॉन जरूर लावा, पण मेमध्ये नव्हे.

मे महिना खणण्याचा आहे. आपली माती तेव्हा इतकी भेगाळते की माझ्या अंगणातल्या भेगेत बोटे मुळापर्यंत जातात. वीतभर खणून ढेकळे उन्हात तापू दिली, तर लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी उघड्यावर येऊन वाळतात. लव्हाळा नुसता उपटला की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. पहिल्या वर्षी मी न खणताच गवत लावले आणि पुढचे चार महिने खुरपे घेऊन तिथेच बसलो. शेणखत पूर्ण कुजलेलेच घाला, कारण कच्च्या खतातून मुळे कुरतडणारी हुमणी अळी येते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर भुंगेरे जमू लागले, तर ते वेचून मारावेत. हुमणी ही त्यांचीच अळी असते.

लागवडीसाठी मृगाच्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि शेतकरीही ज्वारीसाठी त्याच ओलीची वाट पाहतो. त्या पावसात हरळी या लॉनच्या गवताच्या दोन-तीन पेरांच्या काड्या सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर टोचाव्यात. पाणी साचू नये म्हणून जमिनीला थोडा उतार मात्र आधीच द्यावा.

आता पाण्याचे. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी धरले, तर दोनशे चौरस फुटांना सुमारे ४६० लिटर लागते, म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या टाकीचा जवळजवळ निम्मा भाग. तेवढे निघत नसेल, तर शंभर चौरस फुटांवरच थांबा. उरलेल्या जागेत जास्वंद आणि कण्हेर शोभतात. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा पहाटे भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. उन्हाळ्यात गवत थोडे उंच राखावे आणि एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. टंचाईत हरळी पिवळी पडली, तरी उपटून टाकू नका. तिची जमिनीतली खोडे जिवंत असतात आणि चांगला पाऊस झाला की ती पुन्हा फुटते.