वय झालेले रॉक क्लाइंबर्स म्हातारपण, तब्येत आणि राजकारण याबद्दल नक्की काय विचार करतात?

तुम्ही विचारलंय की वडील साठीच्या पुढे गेलेत तरी क्लाइंबिंग सोडत नाहीत, त्यांच्या जुन्या ग्रुपमध्ये आता रूटपेक्षा (म्हणजे कड्यावर चढायच्या वाटांपेक्षा) गुडघे, गोळ्या आणि सरकार यावरच जास्त बोलणं होतं, आणि त्यातल्या दोघांनी तर राजकारणावरून एकत्र चढणंच बंद केलंय, तर हे सगळीकडे असंच असतं का. मी स्वतः साठी ओलांडलेला क्लाइंबर आहे, ज्यांच्याबरोबर चढतो ते बहुतेक माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे, त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगतो.

हो, बहुतेक ग्रुपमध्ये असंच असतं. आणि माझ्या मते हे तीन वेगळे विषय नाहीतच. आमच्या पिढीला या खेळाने एक गोष्ट फार लवकर शिकवली, की आपली जबाबदारी आपली. गाठ मी बांधली, होल्ड, म्हणजे धरायची जागा, मी निवडला, पडलो तर माझ्यामुळे पडलो. तरुणपणी हे इतकं खरं वाटतं की माणूस तोच नियम सगळ्या जगाला लावायला लागतो, टॅक्सला, हॉस्पिटलला, सरकारला, सगळ्याला. मग वय होतं आणि हळूहळू कळायला लागतं की ते अर्धंच खरं होतं, उरलेलं अर्धं दुसऱ्यांनी सांभाळलेलं होतं. वाद पेटतात ते बरोबर याच जागी, कारण काहींना हे मान्य करायची वेळ आलेली असते आणि काहींना अजून आलेली नसते.

आधी शरीराचं बोलू. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. पण क्लाइंबरला ते सगळीकडे सारखं जाणवत नाही. आधी जाते ती झटक्याची ताकद, म्हणजे उसळून लांबचा होल्ड पकडणं वगैरे. नुसतं धरून राहायची ताकद बरीच टिकते, आणि पाय कुठे कसा ठेवायचा ही समज तर वाढतच जाते, त्यामुळे स्लॅबवर (कमी उभ्या, गुळगुळीत खडकावर) किंवा क्रॅकमध्ये (खडकाच्या भेगेत) साठीचा माणूस विशीतल्या पोरापेक्षा शांतपणे वर जाताना दिसतो. खरा त्रास टेंडनचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांचा. स्नायू काही दिवसांत भरून येतो, टेंडनला रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे तरुणपणी जी दुखापत पटकन विसरली जायची ती आता महिनोन्महिने रेंगाळते. म्हणून वॉर्मअपला अर्धा तास लागला तरी द्यायचा, त्यात घाई नाही. बोटांचे सांधे जाड होतात, अंगठी निघत नाही. काहींच्या तळहातात गाठी येऊन अनामिका आणि करंगळी आत वळायला लागतात, त्याला ड्युपुट्रेन म्हणतात, ब्रिटनमध्ये २००५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात पुरुष क्लाइंबर्समध्ये हे जास्त प्रमाणात आणि कमी वयात दिसलं होतं. वडिलांचं बोट टेबलावर सपाट टेकत नसेल तर हाताच्या डॉक्टरला दाखवा, ओढून किंवा चोळून ते सरळ होत नाही.

पण मला विचाराल तर बोटांपेक्षा डोळे आणि कान जास्त महत्त्वाचे आहेत आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो हे सगळ्यांना माहितीये, पण क्लाइंबिंगमध्ये जीव ज्या गोष्टींवर असतो त्या सगळ्या जवळच्याच असतात, एट नॉट म्हणजे दोर बांधायची गाठ, हार्नेसचं म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं बकल, कॅराबिनरचा म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा लॉक. दोन नंबरांचा चष्मा घातला तर दुसरीच पंचाईत, कारण खाली पायाकडे बघताना नजर वाचायच्या भागातून जाते आणि नेमका फूटहोल्ड धूसर होतो. त्यामुळे चढताना लांबचा एकच नंबर, आणि गाठ तपासायला वेगळा चष्मा नाहीतर पार्टनरचे डोळे, आणि शिवाय हाताने चाचपून बघायचं. कानांचं पण तसंच, वारा असला की तीस मीटरवरून "टेक" (दोर ताण) म्हणाला की "स्लॅक" (दोर सैल सोड) हे कळत नाही, म्हणून दोराला किती झटके म्हणजे काय हे जमिनीवर असतानाच ठरवून घ्यावं. आणि अनुभव आहे म्हणून तपासणी सोडायची नाही. लिन हिलसारखी क्लाइंबर, जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक, १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्सला गाठ अर्धवट राहिल्यामुळे वीसेक मीटर खाली पडली, झाडाने अडवली म्हणून वाचली, आणि तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

गोळ्यांबद्दल एवढंच, की रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मार साधा राहत नाही, हेल्मेट खालून बिले करताना, म्हणजे दुसऱ्याचा दोर सांभाळतानाही हवं. डॉक्टरला "व्यायाम करतो" एवढंच सांगून भागत नाही, "दोरावर चढतो आणि कधीकधी पडतो" असं स्पष्ट सांगायला वडिलांना सांगा. बोल्डरिंगबद्दल, म्हणजे छोट्या खडकांवर दोराशिवाय चढण्याबद्दल, मी जरा कडक आहे, तिथे प्रत्येक वेळी पडणं म्हणजे जमिनीवरच पडणं, आणि साठीनंतर घोटा किंवा मनगट मोडलं तर हाड जुळतं पण त्या काळात गेलेला स्नायू परत आणणं फार जड जातं. टॉप रोपवर, म्हणजे वरून आधीच लावलेल्या दोरावर, चढण्यात काहीही कमीपणा नाही.

इटलीच्या रिकार्डो कासिनने १९३७ मध्ये आल्प्समधल्या पित्झ बादिलेच्या भिंतीवर पहिली चढाई केली आणि पन्नास वर्षांनी, ७८व्या वर्षी, तोच रूट परत केला. स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी २०१७ मध्ये ९४व्या वर्षी मिरुआर द आर्जांतीन ही शेकडो मीटरची भिंत मुलांबरोबर चढले. ही नावं मी मनापासून घेतो, पण वडिलांना ती ऐकवून जोर लावायला सांगू नका. किती लांबवर जाता येतं हे ती दाखवतात, प्रत्येकाने तिथे पोचलंच पाहिजे असं काही नाही.

आम्ही लोक मरणाला फार घाबरत नाही, मित्र गमावलेले असतात, त्याच्याशी काहीतरी समझोता झालेला असतो. भीती असते ती दुसऱ्यावर ओझं होण्याची. आणि ग्रेड (चढाई किती अवघड त्याचा दर्जा) उतरण्यापेक्षा जास्त लागतं ते पार्टनर कमी होणं. एकाचा गुडघा बदलतात, एकाची बायको आजारी पडते, एक गाव सोडून मुलाकडे राहायला जातो, आणि एक दिवस लक्षात येतं की हात-पाय अजून चालतायत पण दोर धरायला ओळखीचं कोणी उरलं नाहीये. नवीन माणूस मिळतो, मिळत नाही असं नाही, पण ज्याच्या नुसत्या श्वासावरून कळायचं की हा आता पडणार आहे, तसा माणूस साठीत नव्याने तयार करायला वेळच उरलेला नसतो. तुमच्या वडिलांच्या ग्रुपमधले ते दोघं बोलत नाहीत ही गोष्ट मला म्हणूनच सगळ्यात जास्त टोचली.

आता राजकारण. त्यातला पहिला मुद्दा तब्येतीतूनच येतो. अमेरिकेत एक अख्खी पिढी होती जी नोकरी, घर, इन्शुरन्स सगळं बाजूला ठेवून गाडीत झोपत कड्यांच्या पायथ्याशी राहिली. तिथे सर्वसाधारणपणे ६५व्या वर्षी सरकारी मेडिकेअर मिळतं, त्यामुळे मेडिकेअरला हात लावायची भाषा झाली की त्या लोकांसाठी तो खांद्याच्या ऑपरेशनचा प्रश्न असतो, टीव्हीवरच्या चर्चेचा नाही. ब्रिटनमध्ये माउंटन रेस्क्यूची टीम स्वयंसेवकांची असते आणि वाचवल्याचं बिल येत नाही, स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर आलं आणि विमा नसेल तर खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. दोन्हीकडचा क्लाइंबर स्वतःला स्वावलंबीच म्हणवतो, पण त्याच्या स्वावलंबनामागे कोण उभं आहे ते देशागणिक बदलतं. अमेरिकन क्लाइंबर फ्रेड बेकी यांचं उदाहरण बघा, आयुष्यभर नोकरी-संसारात न अडकता शेकडो पहिल्या चढाया केल्या, त्यांच्याइतका मोकळा जगलेला क्लाइंबर सापडणं कठीण, आणि २०१७ मध्ये ९४व्या वर्षी ते गेले ते सिएटलमधल्या एका जवळच्या मैत्रिणीच्या घरी. मला यात त्यांचा पराभव अजिबात दिसत नाही, शेवटी कोणीतरी दार उघडून ठेवलं होतं हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा मुद्दा जमिनीचा, कारण कडा कोणाच्या तरी मालकीचा असतोच. बेअर्स इअर्स हे युटामधलं संरक्षित क्षेत्र, इंडियन क्रीकच्या प्रसिद्ध क्रॅक त्यातच येतात, ओबामांनी २०१६ मध्ये जाहीर केलं, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये साधारण ८५ टक्के कापलं, बायडन यांनी २०२१ मध्ये परत केलं. क्रॅक जागच्या जागी, कागद मात्र प्रत्येक सरकारबरोबर बदलला. मग २०२५ च्या फेब्रुवारीत नॅशनल पार्क सर्व्हिसमधून साधारण १००० लोकांना काढलं तेव्हा योसेमिटी पार्कातल्या कर्मचाऱ्यांनी तिथल्या एल कॅपिटन या प्रचंड कड्यावर अमेरिकेचा झेंडा उलटा लावला, उलटा झेंडा म्हणजे संकटाचा इशारा. त्यावर वयस्कर क्लाइंबर्समध्ये सरळ दोन तट, एक म्हणे झेंड्याचा अपमान, दुसरा म्हणे हीच माणसं आपल्याला खाली उतरवायला येतात, त्यांच्या बाजूने उभं राहायचं नाही तर कोणाच्या. मी दुसऱ्या तटात आहे, आणि पहिल्यातल्या माणसाशी यावर तासभर बोलायची माझी तयारी आहे, कारण तो देशावर प्रेम करतो म्हणूनच चिडलाय हे मला दिसतं.

सगळ्यात अवघड वाद तर तिसराच आहे. अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर हा अनेक मूळनिवासी जमातींसाठी पवित्र सुळका, १९९५ पासून तिथे जून महिन्यात चढू नका अशी विनंती आहे, सक्ती नाही. ऑस्ट्रेलियात अरापाइल्स, म्हणजे मूळनिवासींचं ड्युरिट, या चढाईच्या प्रसिद्ध जागी २०२४ मध्ये मूळनिवासींच्या वारशासाठी बरेच रूट बंद करायचा प्रस्ताव आला आणि ज्यांनी तिथे सगळं तारुण्य घातलं ते लोक हादरले. त्यांचं दुःख खरं आहे, त्यावर हसू नये. तरीपण ज्या लोकांची नाती त्या दगडाशी हजारो वर्षांची आहेत त्यांनी "इथे नको" म्हटलं तर आपल्या तारुण्याच्या आठवणी त्यापुढे ठेवून वाद घालता येत नाही असं मला वाटतं. पंचविशीत मी हे म्हटलं नसतं. वयाने एवढं केलंय, एखादा रूट न चढताही त्याच्यावर जीव असू शकतो हे आता समजतं.

"क्लाइंबिंगमध्ये राजकारण आणू नका" असं म्हणणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, तुमच्या वडिलांच्याही असतील. ते आधीपासून आहेच हो. १९२४ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबने आपली डोनाउलँड नावाची, मुख्यतः ज्यू सभासदांची शाखा हाकलून दिली. १९३८ मध्ये आल्प्समधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत पहिल्यांदा चढलेल्या चौघांना हिटलरबरोबर फोटोत उभं केलं गेलं. १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये किंडर स्काउट या डोंगरपठारावर चालायचा हक्क मागायला लोक घुसले तर त्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं. आणि वर ज्यांचं नाव घेतलं ते कासिन, ते युद्धात नाझींविरुद्ध पार्टिझन, म्हणजे गनिमी लढवय्ये, म्हणून लढले. यातली प्रत्येक गोष्ट क्लबमध्ये, कड्यावर, डोंगरात घडली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणत असणार की आपण आपलं चढूया.

हवामानबदलावर मात्र जुन्या क्लाइंबर्समध्ये मला वाद कमी दिसतो, मत कोणालाही देवोत, कारण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. १९५५ मध्ये इटलीचा क्लाइंबर बोनात्ती एकटा चढला तो आल्प्समधल्या ड्रू शिखराचा पिलर (खडकाचा उभा खांब) २००५ मध्ये कोसळला. बर्फाने धरून ठेवलेला खडक आतून सुटत चाललाय. ज्याने तो रूट केला होता त्याला आता बोट दाखवून सांगायलाही तिथे काही उरलं नाही.

तर तुमच्या वडिलांच्या त्या दोन मित्रांचं. राजकीय मत बदलायच्या फंदात पडू नका, साठीत ते वादाने बदलत नाही. पण एक करता येईल. त्यांच्या पिढीने मारलेले जुने बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला खडकात बसवलेले खिळे, बऱ्याच ठिकाणी साध्या स्टीलचे आहेत, तीस-चाळीस वर्षांत आतून गंजलेले, बाहेरून ठीक दिसतात. अमेरिकेत १९९८ पासून एक संस्था हे बदलायचंच काम करते, इतर देशांतही स्थानिक ग्रुप करतात. त्या दोघांनी मिळून जे रूट बोल्ट केले असतील त्यांची यादी करा, कोणता बोल्ट कुठे, कसला, किती खोल मारला हे त्या दोघांशिवाय कोणाला माहीत नसणार, आणि एकाची आठवण दुसऱ्याशिवाय पुरी होत नाही. वडिलांना सांगा दोघांना वेगवेगळा फोन करून फक्त तेवढंच विचारायला, आधी पहिला रूट.