थेरपी सुरू करताय? आधी वही घ्या

ताई, मुलाच्या ऑटिझमचं निदान होऊन महिनाच झालाय, घाई होणारच. पण ‘सहा महिन्यांत मूल नॉर्मल करतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आठवड्याला ४० तास वर्तन-थेरपी (एबीए) हवी, हा आकडा कानावर येईल. तो मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासातला. त्या थेरपीच्या गटात मुलं अवघी १९, आणि गटही चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. तास मोजण्यापेक्षा त्या तासात काय चालतं ते बघा.

माझा मुलगा तहान लागली की फ्रिजवर डोकं आपटायचा. आम्ही ओरडायचो आणि शेवटी पाणी द्यायचोच! म्हणजे आपटायला आम्हीच शिकवत होतो. थेरपिस्टने पंधरा दिवस नुसतं लिहायला लावलं: आधी काय झालं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. नंतर पेल्याचं चित्र आलं. त्याचा हात धरून ते चित्र त्याला आपल्या हातात द्यायला लावायचं, की लगेच पाणी. हळूहळू हात धरणं कमी केलं. तीन आठवड्यांनी तो आपणहून चित्र घेऊन आला. ‘पाणी’ शब्द यायला मात्र पुढे वर्ष गेलं.

हात फडफडवणं बंद करू म्हणाले तर नाही म्हणा. कुणाला इजा नाही, त्याला बरं वाटतं, बास. नजरेला नजर द्यायची सक्तीही नको. आमच्या पहिल्या सेंटरात दार लावून मुलांना रडू द्यायचे. तेव्हापासून पालकांना आत बसू न देणारी जागा मी निवडली नाही. नोंदी मागा; कुरकुर केली तर दुसरा थेरपिस्ट शोधा.