अत्तराला माया नसते

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

बुटीकसाठी तू घोटलेल्या अत्तराची कुपी काल सकाळी दहाला मनगटावर लावली. लिंबू छान उमललं. दुपारी मार्केट यार्डात गेले तोवर हातावर नुसती लवंग उरली होती, तीही तिथल्या हळदीच्या वासानं खाऊन टाकली. कागदाच्या पट्टीवर हुंगूनच ठरवलंस ना? हँगरवर बसलेला ब्लाउज अंगावर बसतोच असं नाही, हे तुला मी सांगायला नको.

शिवणीत आपण माया, म्हणजे आत जास्तीचं कापड, ठेवतो. चुकलं तर उसवायचं, सैल करायचं. अत्तरात पडलेला थेंब परत काढता येत नाही. मी अत्तरं करू लागले त्या पहिल्या वर्षी माझ्या हातून वाळा जास्त पडला. तो झाकायला गुलाब घातला, गुलाब झाकायला चंदन. शेवटी अर्धा लिटर मोरीत ओतलं. (चंदनाचा भाव तेव्हा आजच्यासारखा नव्हता, म्हणून निभावलं.) तीव्र तेलं आधी अल्कोहोलमध्ये दहा टक्क्यांवर पातळ करून घे. थेंब मोजू नकोस, दाट तेलाचा थेंब वेगळा पडतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घे आणि प्रत्येक वजन वहीत मांड. ब्लाउजची मापं लिहायला कंटाळायचीस, ते इथे चालणार नाही.

कपड्यांच्या फॅशनमधल्या त्या फ्रेंच कोको शनेलचा दाखला देतेस, पण १९२१ चं तिचं 'नंबर ५' अत्तर तिनं स्वतः घोटलं नव्हतं. एर्नेस्त बो या जाणकारानं नमुने केले, तिनं पाचव्या क्रमांकाचा निवडला. १९२४ साली अत्तराची कंपनी निघाली तेव्हा तिच्या वाट्याला दहाच टक्के आले, आणि त्यावरून ती पुढे बरीच वर्षं भांडत राहिली. तुझ्या बुटीकचं नाव बाटलीवर मागणारे ते गृहस्थ भांडवल घालतीलही. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखव. विक्रीसाठी अत्तर बनवायला सौंदर्यप्रसाधनाच्या उत्पादनाचा परवाना लागतो, त्याचीही चौकशी आत्ताच कर.

अत्तरात हळद घालायची तुझी कल्पना मात्र सोडू नकोस. वाफेवर काढलेलं तेल घे. हळदीचा रंग वाफेबरोबर वर येत नाही, त्यामुळे साडी पिवळी होण्याची भीती कमी. तरी पांढऱ्या रेशमाच्या चिंधीवर मारून रात्रभर ठेव. बुधवारी चिंधी आणि वही दोन्ही घेऊन ये, पण अंगाला काही लावून येऊ नकोस.

तुझ्या शिवणाच्या बाई
सांगली