दारू, मारामारी, कोर्टकेस असा भूतकाळ असलेला माणूस देवाच्या वाटेला लागू शकतो का? गाव हसतं, त्याचं काय करू?

दादा, देव जवळ करेल का याची काळजी सोडा. कान्होपात्रा मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, पण पंढरपूरच्या देवळात तिचं झाड आजही दाखवतात. वाल्या कोळ्याची गोष्ट तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. फक्त त्यातला एक भाग आपण सोयीनं विसरतो. बायकोपोरांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, तुझ्या पापात आमचा वाटा नाही. घरच्यांचा हिशोब नामानं फिटत नाही, तो वेगळाच फेडावा लागतो.

मी तासगाव तालुक्यातला. माझं मागचंही तुमच्यासारखंच आहे, तपशिलात शिरत नाही. तुम्हीही शिरू नका. सुधारलेल्या माणसाला सप्त्यात उभं करून जुनं सगळं वदवून घ्यायची आपल्याकडं भारी हौस. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि दुसऱ्या दिवशी वाण्याची उधारी होती तिथंच असते. देवळाला देणगी देण्याआधी ती चुकती करा.

गाव हसणारच. एकादशीच्या भजनाला शेजारी बसणारा गडी आधी माझ्या तोंडाचा वास घ्यायचा आणि मग टाळ पुढं करायचा. डोकं फिरायचं माझं. पण त्याचं तरी काय चुकलं? त्यानं मला गटारीच्या कडेला पडलेला बघितलेला. वास घेणं त्यानं कधी बंद केलं ते मलाही कळलं नाही. आता तो माझ्याकडून ट्रॅक्टरचं भाडं कमी करून मागतो.

माळेची घाई नको. दुकानातून आणली आणि गळ्यात अडकवली असं होत नाही, जाणत्या वारकऱ्याच्या हातून घालून घ्यायची असते. मग दारू-मटण बंद, एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षाची वारी हे सगळं आलं. माळ घालून पुन्हा गुत्त्यावर दिसलात तर तुमच्याबरोबर ती घालणाऱ्याचंही नाव जातं. त्यापेक्षा आधी काही महिने नुसता हरिपाठ करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि दारू अजून पुरती सुटली नसेल तर डॉक्टर गाठा. रोजची भरपूर पिणाऱ्यानं एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. अंगाऱ्यानं सुटते म्हणणारे वाटेत भेटतीलच, त्यांच्या नादी लागू नका.

घर सोडून मठात राहू का, असंही तुम्ही विचारलंय. नको. साताऱ्याच्या माण तालुक्यात गोंदवल्याला दोन दिवस जाऊन या. ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५-१९१३) तिथलेच. प्रपंच सांभाळून नाम घ्या, हेच ते येईल त्याला सांगत राहिले. तिथं बसायला निवांत जागा आहे, प्रसादाचं जेवण आहे. बसा, जेवा आणि घरी परत या. बायको बोलणार नाही कदाचित. तरी परत या.

वारीचं म्हणाल तर पहिल्याच वर्षी आळंदीपासून चालायचा हट्ट धरू नका. माउलींची पालखी नीरा नदीत पादुकांचं स्नान झालं की सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामाला असते. मिरज-पुणे मार्गावरची गाडी धरून लोणंदला उतरता येतं. चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावतात, ते बघा आणि तरडगाव करून फलटणपर्यंत चाला. ओळखीच्या दिंडीत आधी सांगून भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरलीत की जेवणाची आणि तंबूची सोय होते. गेल्यावर काम मागून घ्या. खुंट्या ठोका, टँकर आला की हंडे भरा. तुमच्या केसचं तिथं कुणाला काही पडलेलं नसतं. खुंटी सैल ठोकलीत तर मात्र रात्रीच्या पावसात अख्खी दिंडी तुमच्या नावानं शंख करेल.