सरकारी रोखे बुडत नाहीत, मग गिल्ट फंडात तोटा कसा दिसतो? पैसे काढून शेअर्समध्ये घालू का?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वडील 66 वर्षांचे, निवृत्त. जून 2025 मध्ये बँकेतल्या ओळखीच्या माणसाने ‘रिझर्व्ह बँक व्याजदर कमी करतेय, गिल्ट फंड वर जाणार, शिवाय सरकारी कागद, बुडायची भीती नाही’ असं सांगून 18 लाख रुपये गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडात, घालायला लावले. ऑगस्टअखेर पाहिलं तर रक्कम साधारण 40 हजारांनी कमी. आता वडिलांचा ‘ही फसवणूक आहे’ असा समज झालाय, आणि तोटाच सोसायचा तर शेअर्समध्ये का नको, असं तुम्ही विचारताय.

मी एका सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात होतो. सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री हेच रोजचं काम, त्यामुळे पहिल्या भागावर जरा लांबण लावतो.

त्या माणसाने सांगितलेली दोन्ही वाक्यं सुटी सुटी खरीच आहेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना उसने पैसे देते तो दर, साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. भारत सरकार रुपयातली देणी बुडवत नाही, हेही खरं. पण ‘सरकार पैसे देईल’ आणि ‘तुमच्या युनिटचा भाव उतरणार नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि विकणारा माणूस त्या एका दमात सांगून मोकळा होतो.

आकड्यात बघा. 100 रुपयांचा, 7 टक्के व्याजाचा, 10 वर्षं शिल्लक असलेला रोखा तुमच्याकडे आहे. उद्या सरकार तसाच नवा रोखा 8 टक्क्यांनी विकायला लागलं, तर तुमचा 7 टक्क्यांचा कागद 100 रुपयांना कोण घेईल? त्याचा भाव 93 रुपये 30 पैशांच्या आसपास येऊन थांबतो, म्हणजे घेणाऱ्यालाही बरोबर 8 टक्के सुटतात. हाच रोखा एक वर्ष शिल्लक असलेला असता तर भाव 99 रुपयांच्या थोडा वर राहिला असता, आणि 30 वर्षांचा असता तर 89 च्याही खाली गेला असता. दर उतरले की हेच सगळं उलट्या दिशेने. कुणी कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत. मुदत जितकी लांब, तितका झोका मोठा, एवढंच.

गिल्ट फंड बहुधा लांब मुदतीचे रोखे धरून असतात. फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ नावाचा एक आकडा छापलेला असतो. तो 9 असेल, तर बाजारातले दर 1 टक्क्याने चढल्यावर फंड साधारण 9 टक्के उतरेल, अर्धा टक्का चढल्यावर साडेचार. बँकेतल्या माणसाने हा एक आकडा वडिलांना दाखवला असता तर पुढचा सगळा मनस्ताप टळला असता. पण तो दाखवून विक्री होत नाही.

मग दर कपात होऊनही रोखे पडले कसे? कारण रेपो हा एका रात्रीच्या कर्जाचा दर आहे. 10 किंवा 30 वर्षांच्या रोख्याचा दर बाजार ठरवतो, तोही पुढचं बघून. 6 जूनला रिझर्व्ह बँकेने अर्धा टक्का कपात केली, पण त्याच दिवशी धोरणाचा पवित्रा ‘अनुकूल’वरून ‘तटस्थ’ केला. बाजाराने त्याचा अर्थ लावला, की आता आणखी फारसं मिळणार नाही. मग 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटीत कपातीची घोषणा केली. महसूल घटला तर सरकार जास्त कर्ज उचलेल, या भीतीने लांब मुदतीचे रोखे आणखी ढिले पडले. 10 वर्षांच्या रोख्याचा दर जूनच्या सुरुवातीला सव्वासहा टक्क्यांच्या आसपास होता, तो ऑगस्टअखेर साडेसहाच्या वर गेला. म्हणजे ‘व्याजदर उतरताहेत, गिल्ट घ्या’ ही बातमी वडिलांपर्यंत पोचली तोवर तिच्यातला नफा आधीच्यांनी खिशात घातला होता. आमच्या खात्यात याचं कुणाला नवल वाटलं नसतं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आलेली कपात बाजाराच्या दृष्टीने शिळी असते.

आता एफडीबद्दल. एफडीत असं होत नाही, असं वडील म्हणतात. त्यांना दिसत नाही, हे जास्त खरं. ठेवीदारांच्या पैशातला काही भाग घालून बँकही सरकारी रोखे घेते, तिला कायद्याने घ्यावेच लागतात. त्यातले बरेच ‘मुदतपूर्तीपर्यंत धारण’ या वर्गात ठेवता येतात, आणि त्यांचा भाव बाजाराप्रमाणे रोज लावावा लागत नाही. दर चढले की आमच्याही रोख्यांचे भाव पडायचे, ताळेबंदात दिसायचे नाहीत. राहत्या घराचा आजचा भाव रोज सकाळी कुणी दारावर खडूने लिहून जात नाही, म्हणून घरमालक शांत झोपतो, तसं हे. म्युच्युअल फंडाला मात्र रोजचा भाव रोज लिहावा लागतो. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली, त्याच्या मुळाशी लांब मुदतीच्या रोख्यांतला असाच दडलेला तोटा होता. ठेवीदार एकदम पैसे मागायला आले, रोखे विकावे लागले आणि कागदावर न दिसणारा तोटा उघडा पडला.

तरीही एफडीवाल्याला एक गोष्ट मिळते जी तुमच्या वडिलांना मिळाली नाही: ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम. दर बदलल्याचा मार बँक सोसते. बँकच अडचणीत आली तर ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत, व्याज धरून, 5 लाखांपर्यंत आहे (फेब्रुवारी 2020 पूर्वी ते फक्त 1 लाख होतं). सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती, हे मुंबईतले लोक विसरलेले नाहीत. तेव्हा एफडीलाही डोळे झाकून ‘सेफ’ म्हणू नका.

आणि गिल्ट फंडात जो धोका नाही, पण बाकीच्या डेट फंडांत (रोख्यांत पैसे घालणारे फंड) असतो, तोही सांगून टाकतो, कारण पुढे कुणी ‘गिल्टपेक्षा जास्त परतावा देणारा फंड आहे’ म्हणून येईलच. कंपन्यांचे रोखे बुडू शकतात. आयएल अँड एफएस या कंपनीला ऑगस्ट 2018 पर्यंत सर्वोच्च ‘एएए’ मानांकन होतं. सप्टेंबरात ती थकबाकीदार झाली. पुढच्या वर्षी डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीने आपल्या सहा डेट योजना एकाच दिवशी गुंडाळल्या, त्यात 25 हजार कोटींच्या वर रक्कम अडकली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने वाटपाचं काम एसबीआय म्युच्युअल फंडाकडे दिलं आणि गुंतवणूकदारांना अखेरीस त्या दिवशीच्या मूल्यापेक्षा जास्तच मिळालं, पण तुकड्यातुकड्यांनी, कित्येक महिने वाट बघून. ज्याच्या घरी त्याच वर्षी मुलीचं लग्न होतं त्याला त्या ‘अखेरीस’चा काय उपयोग? तुमच्या वडिलांच्या फंडात हा प्रकार नाही. त्यांचा तोटा दराचा आहे, आणि दराचा तोटा वेळ दिला तर भरून निघतो, कारण फंडातले जुने रोखे संपून त्यांच्या जागी जास्त व्याजाचे येतात. किती वेळ? ढोबळमानाने फंडाचं ड्युरेशन असेल तितकी वर्षं.

इथेच खरी अडचण आहे. 66 वर्षांच्या माणसाला घरखर्चाच्या पैशासाठी 9 वर्षं थांबा म्हणून कसं सांगणार? माझ्या मते फंड वाईट नाही, विक्रेताही कदाचित लबाड नसेल, पण या माणसाला हा फंड चुकीचा आहे. पैसा कधी लागणार ती तारीख आधी, फंड नंतर. दोनेक महिन्यांत लागणारा पैसा लिक्विड फंडात, जिथे 91 दिवसांपेक्षा लांब कागद घेताच येत नाही. दोन-तीन वर्षांनी लागणारा शॉर्ट ड्युरेशन (कमी मुदतीचे रोखे) किंवा बँकिंग अँड पीएसयू (बँका आणि सरकारी कंपन्यांचे रोखे) फंडात. ठरावीक वर्षी लागणारा असेल तर टार्गेट मॅच्युरिटी फंड बघा. डिसेंबर 2019 मध्ये भारत बाँड ईटीएफ आला तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे रुळला. साध्या बाँड फंडाला शेवटची तारीखच नसते, जुने रोखे गेले की नवे येतात. टार्गेट मॅच्युरिटी फंडाला असते, त्यामुळे तिथवर थांबणाऱ्याला काय मिळेल याचा अंदाज पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी बांधता येतो. थेट रोखाच हातात हवा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या संकेतस्थळावर 10 हजारांपासून घेता येतो, व्याज सहामाही. मात्र मधेच विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

आता शेअर्स. थोडक्यात: या 18 लाखांपुरतं, नाही. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21 हजारांना शिवून आला आणि ऑक्टोबरात 8 हजारांच्या खाली गेला. 2010 च्या दिवाळीत पुन्हा तिथे टेकला, पण ती पातळी कायमची मागे टाकायला 2014 उजाडलं. 40 हजारांनी झोप उडालेल्या माणसाचे 18 लाख आठ-नऊ महिन्यांत 7 लाख झाले तर तो तळालाच विकून बाहेर पडेल, मग पुढची वर जाणारी वाट त्याच्या काय कामाची? आणि ‘शेअर्स पडले की बाँड सावरतात’ यावरही पूर्ण विसंबू नका. 2022 साली अमेरिकेत महागाईपायी दर इतक्या वेगाने चढले की शेअर्स आणि बाँड फंड दोन्ही एकत्रच आपटले. घरात वीसेक वर्षं हात लावायचा नाही असा पैसा असेल, तुमचा स्वतःचा, तर तो इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर्स घेणारा फंड) दरमहा घाला. पण तो वडिलांच्या फंडावर रागावून घालू नका.

कराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेल. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा, कितीही वर्षं ठेवला तरी, उत्पन्नात धरून तुमच्या स्लॅबप्रमाणे कर. त्यामुळे एफडीच्या तुलनेत फंडांची जुनी आघाडी गेली. एवढं उरलं, की एफडीच्या व्याजावर दरवर्षी कर भरावा लागतो आणि फंडात युनिट विकेपर्यंत नाही. आज विकून झालेला तोटा दुसऱ्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो; उरलेला पुढच्या वर्षांत नेता यावा म्हणून विवरणपत्र वेळेवर भरा. शेअर्सच्या नफ्यावर 23 जुलै 2024 पासून वर्षाच्या आत विकल्यास 20 टक्के कर, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. आधी वडिलांच्या नावावर सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमचं खातं आहे का ते बघितलं असतं. एप्रिल 2023 पासून तिची मर्यादा 30 लाख आहे, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं आणि दर खातं उघडताना ठरतो तोच पाच वर्षं राहतो. पोस्टात किंवा बँकेत होतं. 66 व्या वर्षी ही योजना रिकामी सोडून कुणी गिल्ट फंड विकला असेल तर त्याला मी एकच प्रश्न विचारीन: यातलं कमिशन तुला कुठल्यात जास्त? 18 पैकी 12-13 लाख तिकडे गेले की महिन्याच्या खर्चाचा मोठा भाग सुटेल. तीनेक लाख लिक्विड फंडात किंवा साध्या एफडीत, दवाखान्यासाठी. उरलेले दोन-तीन लाख गिल्टमध्येच पडून राहिले तरी मला काही वाटणार नाही, वडिलांनी रोज मोबाइलवर भाव बघायचं सोडलं तर. सगळे एकाच दिवशी काढायचेत की टप्प्याटप्प्याने, यावर लोक फार डोकं लावतात. 40 हजार भरून येईपर्यंत थांबायचं म्हणाल तर तो दर उतरण्यावर लावलेला सट्टाच आहे, आणि वडिलांनी पहिल्यांदा लावला तोही तोच.

स्टेटमेंटवर फंडाच्या नावापुढे ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’ ते बघा. रेग्युलर असेल तर वितरकाचं कमिशन दरवर्षी वडिलांच्याच पैशातून जातंय. नॉमिनी लावलाय का तेही त्याच कागदावर दिसेल. फंड नेमका कुठला, आणि वडिलांचं बाकीचं पेन्शन किती, हे लिहिलंत तर वरच्या वाटणीचे आकडे आणखी नेमके करून देतो.