बुलेटवाले काका गप्प का झाले?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातला सात जणांचा ग्रुप. तिघे काका पंचावन्नच्या पुढचे, तिघांकडेही जुन्या कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेट. तुम्ही चौघे तिशीच्या आतले, हिमालयन ४५० आणि केटीएम ३९० ॲडव्हेंचरवाले. वर्षभर एकमेकांची यथेच्छ खेचता. डिसेंबरात श्रीवर्धन ते रत्नागिरी किनाऱ्याने जायचं ठरलं, त्यावर तुमच्यातल्या एकाने व्हॉट्सॲपवर 'काका, डायपर घेताय ना?' असं टाकलं. तेव्हापासून एक काका गप्प आहेत आणि आता 'तुम्ही जा, मी येत नाही' म्हणतायत. तुझं म्हणणं, आमचं चुकलं का? आणि एकदाचं सांगा, भारी कोण? जुनी गाडी नि जुना माणूस, की दोन्ही नवे?

तू सत्तावीसचा, मी त्रेसष्टचा, म्हणून अरे-तुरे करतोय. राग मानू नकोस.

'भारी कोण' हे भांडण तुम्ही काढलेलं नाही. १९८४ साली माझ्याकडे येझदी होती, धूर ओकणारी टू-स्ट्रोक. राजदूत ही गवळ्यांची गाडी, म्हणून राजदूतवाला दिसला की आम्ही 'आज दूध किती लिटर?' विचारायचो. बुलेटवाले आमच्या मागून यायचे नि म्हणायचे, 'धुराने गल्लीतले डास मेले, नगरपालिकेकडून पैसे घे.' आम्ही त्यांना विचारायचो, 'आज किक तुम्ही मारली की तिने तुम्हाला?' (ज्याने जुन्या बुलेटची उलटी किक घोट्यावर खाल्ली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.) १९८३ मध्ये आलेली यामाहाची राजदूत ३५० दिसली की मात्र सगळ्यांचीच तोंडं बंद व्हायची. तिला रस्त्यावर गाठणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्या मालकाला आम्ही पेट्रोलपंपावर गाठायचो.

पुढे हे भांडण कंपन्यांनीच उचललं. २०१७ मध्ये डॉमिनारच्या जाहिरातीत बजाजने नाव न घेता बुलेटवाल्यांना हत्तीवर बसवलं होतं, 'हाथी मत पालो' म्हणून. आमच्यात तेव्हा एकाने नवी डॉमिनार घेतली होती. त्याने ती जाहिरात नानाला दिवसातून चार वेळा पाठवली. नाना आमच्यातला सगळ्यात तिखट बुलेटवाला. त्याने तुळशीबागेतून पितळेचा बोटभर हत्ती आणला, हेडलाइटच्या वर बसवला, आणि रविवारी पेढे वाटले. 'पाळला,' म्हणाला. तो हत्ती अजून तिथेच आहे. नाना लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आकड्यांवर वाद घालायचा तर तो पाच मिनिटांत संपतो. कास्ट आयर्न साडेतीनशे म्हणजे अठरा घोडे (हॉर्सपॉवर). तुझी ४५० म्हणजे चाळीस. पण तुम्ही जाताय कुठे? बागमांडल्याला सावित्रीची खाडी, पलीकडे वेसवी. दाभोळला वाशिष्ठी, पलीकडे धोपावे. तवसाळहून शास्त्री ओलांडून जयगड. तीन खाड्या, तीन फेरीबोटी. तू घाटात काकांना वीस मिनिटं मागे टाक, जेट्टीवर चाळीस घोडे आणि अठरा घोडे एकाच रांगेत उभे राहणार, आणि काका येऊन विचारणार, 'चहा सांगितलास ना?' त्या रस्त्यांवर खाणं, पोहणं, फोटो धरून दिवसाला दीडशे किलोमीटर झाले तरी पुष्कळ. आम्हा सगळ्यांना हर्णैच्या अलीकडे ॲक्टिव्हावर मासळीची पाटी घेतलेल्या एका मावशींनी मागे टाकलं होतं, तेही हॉर्न वाजवून. त्या दिवशी 'भारी कोण' हा विषय कुणी काढला नाही.

तरी खुमखुमी असेलच तर शर्यत नको, गाड्यांची अदलाबदल करा. रस्त्यावर नाही, मोकळ्या माळावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. आम्ही वाईजवळ केली होती. हिमालयनवाला पोरगा नानाच्या बुलेटवर, नाना हिमालयनवर. अर्धा तास तर पोरगं किकशीच झटत होतं. अँपिअरचा काटा मध्ये आणायचा, डिकम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबायचा, किक थोडी पुढे न्यायची, सोडायचं, मग पूर्ण वजनाने एकच. बटणावर वाढलेल्या माणसाला ही पूजा वाटते.

खरी मजा पुढे. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या, पहिला वर नि बाकीचे तीन खाली. पोराने घाबरून सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी वरचा गिअर पडला! तिकडे नानाने थांबायला डावा पाय दाबला, तर हिमालयनचा गिअर एक खाली आला, गाडीने गचका दिला आणि वेग उतरला. नानाचा मुद्दा असा की त्याच्या चुकीने गाडी हळू झाली आणि पोराच्या चुकीने मोकाट सुटली, म्हणून जुना माणूस सुरक्षित. याला आजवर कुणी नीट उत्तर देऊ शकलेलं नाही. पण त्या दिवसापासून त्या पोराने बुलेटला 'डबडा' म्हणणं सोडलं, आणि नाना गोल स्क्रीनवरचा नकाशा बघायला मुद्दाम त्याच्या गाडीजवळ उभा राहायला लागला.

आता वयाचं. आम्हा म्हाताऱ्यांना टोमणे लागत नाहीत असं नाही, पण आम्ही स्वतःवर तुमच्याआधी विनोद करून झालेले असतो. आरटीओचाच हिशेब बघ. गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. माणसाने पंचावन्न ओलांडली की लायसन्सही एका वेळी पाचच वर्षांचं, सोबत डॉक्टरचा दाखला. माझी बुलेट आणि मी दोघंही पाच-पाच वर्षांच्या मुदतीवर आहोत. एजंट विचारतो, 'आज कोणाचं?'

पण वय जाणवतं ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्हाला वाटतं आमचे हात थरथरत असतील, कंबर जात असेल. कंबर जातेच, पण ती तुमचीही जाते, तुम्ही बोलत नाही इतकंच. खरे जातात ते डोळे. समोरून पांढराफक्क एलईडी अंगावर आला की तरुण डोळा क्षणात सावरतो, आमच्या डोळ्याला जास्त वेळ लागतो. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. तेवढं अंतर आम्ही आंधळे असतो. दुसरं, मान पूर्ण वळत नाही. तिसरं, तहान उशिरा कळते. आणि चौथं तेच, ज्यावर तुमच्या पोराने विनोद केला.

पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढणं हे केस पांढरे होण्याइतकं सर्रास आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते. मग माणूस काय करतो? राइडच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे सारखं 'थांबा रे' म्हणावं लागू नये. डिसेंबरातही कोकणात दुपारी जॅकेट-हेल्मेटमध्ये किती घाम येतो, तुला माहीत आहे. पाणी न पिता चालवणारा साठीचा माणूस हा चुकलेल्या विनोदापेक्षा पुष्कळ जास्त काळजीचा विषय आहे.

तर, तुमचं चुकलं का? विनोद फालतू होता, पण काका त्या एका विनोदाने गप्प झाले असं मला वाटत नाही. तू स्वतःच लिहिलं आहेस की हेच काका पूर्वी एकाला तीन ऐकवायचे. वर्षभर तुमच्या चौघांना पुरून उरलेला माणूस एका डायपरने खचत नाही. काहीतरी आधीच दुखत असणार, त्यावर तुमचा नेमका बाण लागला.

हे मी नानावरून शिकलो. सात वर्षांपूर्वी तो असाच हळूहळू बोलायचा थांबला. आम्ही 'काय नाना, हत्ती दमला का?' म्हणायचो, तो नुसता हसायचा. पूर्वी सगळ्यात पुढे असायचा, आता मधे चालवायला लागला, कुणाच्या तरी लाल दिव्याच्या मागे. संध्याकाळ व्हायला लागली की त्याला चहा हवा, मग भजी हवी, मग 'इथेच मुक्काम करू, मासळी ताजी आहे'. आम्हाला वाटलं म्हातारा आळशी झाला, आम्ही जास्तच चिडवलं. कशेडी घाटात एका रात्री तो रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा राहिला आणि उतरलाच नाही. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, 'समोरच्या प्रत्येक दिव्याला मोठं खळं दिसतं रे. रस्ता कुठे संपतो ते कळत नाही.'

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. वर्षभर त्याने घरीही सांगितलं नव्हतं, कारण घरच्यांनी पहिल्यांदा चावी काढून घेतली असती. आणि आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही चिडवणं थांबवलं असतं, तेही त्याला नको होतं.

त्यानंतर आमच्यात एक सवय लागली. टोमणा मारायचा आणि उत्तर ऐकायचं. उलट टोला आला की माणूस ठीक आहे. आला नाही, की पुढच्या थांब्यावर कुणीतरी एकट्याने त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. तरुणांनाही हेच लागू आहे, बरं का. गुहागरजवळ जांभ्याच्या लाल खडीवर घसरलेलं एक पोरगं उठून 'काही नाही, काही नाही' म्हणालं, आणि दुपारभर त्याने नानाच्या एकाही टोमण्याला उत्तर दिलं नाही. हातमोजा काढायला लावला तर मनगट सुजून टम्म. तुम्हाला वाटतं काका तुम्हाला छळतात. ते हजेरी घेत असतात.

तुझ्या काकांचं काय करायचं ते सांगतो. ग्रुपवर माफी मागू नकोस, त्याने सगळ्यांसमोर तोच विषय पुन्हा निघेल. ज्याने विनोद केला त्याला घेऊन रविवारी सकाळी त्यांच्या घरी जा, वडापाव घेऊन. तब्येतीचं विचारू नका. 'काका, चेन किती ढिली ठेवायची, जरा बघता का?' एवढंच. माणूस गाडीशेजारी उकिडवा बसला, हाताला ग्रीस लागलं की आपोआप बोलतो. नाही बोलले तरी बिघडत नाही, पुढच्या रविवारी परत जा. चेन परत ढिली होतेच.

आणि राइडचा आराखडा बदल, कुणासाठी ते न सांगता. दर पन्नास-साठ किलोमीटरला थांबा, तोही हॉटेलजवळ, जिथे नीट शौचालय आहे. थांबल्यावर सगळ्यांनी पाणी प्यायचं, सगळ्यांनी. अंधार पडायच्या आत मुक्कामी. हे थांबे तुम्ही चौघांनी मागा. 'आमची पाठ लागते' म्हणा, काकांना बोलायला आयता विषय मिळेल. फेरीबोटीवर लोखंडी पाट्या ओल्या असतात, तिथे गाडी नुसती साइड स्टँडवर सोडू नका. गिअरमध्ये ठेवून शेजारी धरून उभे राहा, आणि काकांची बुलेट धरायला न बोलता एकाने हात लावा.

नानाचं सांगायचं राहिलं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि तो पहिल्यांदा आला तो ताम्हिणीच्या राइडला. पौड फाट्यावर गाडी लावली आणि माझ्याकडे बघतच राहिला.

'हे निळं जॅकेट कधी घेतलंस?'

म्हटलं, 'चार वर्षं हेच घालतोय.'

'मला काळं वाटायचं,' म्हणाला. मग हेल्मेट पूर्ण काढून अजून जवळ आला, माझा चेहरा नीट न्याहाळला. 'आणि इतके दिवस तू बरा दिसायचास रे. आता कळलं, केवढा म्हातारा झालायस.'